मळमळ

श्रेयसी मगदूम बायोमेडिकल इंजिनिअरिंगला गेली ती आईच्या ओकाऱ्यांमुळे. ती बारावीत होती तेव्हा आईची केमोथेरपी चालू होती. आजाराने आईला जेवढं खाल्लं नसेल तेवढं त्या औषधाच्या मळमळीने खाल्लं. सकाळी पेज, पेजेनंतर बादली; दुपारी ताक, ताकानंतर बादली. शेजारच्या घरात फोडणी पडली तरी आई तोंडावर पदर दाबून भिंतीकडे वळायची. पुढे ती बरी झाली. पण मिरजेसारख्या गावात, जिथे गल्लीला एक दवाखाना आहे, तिथे साध्या मळमळीवर धड इलाज नसावा याचा श्रेयसीला राग आला, आणि त्या रागाच्या भरात तिने प्रवेशाच्या वेळी ही शाखा सगळ्यांत वर लिहिली.

बी.ई. झाल्यावर वर्गातल्या बऱ्याच जणी नोकरीला लागल्या. श्रेयसी मात्र एम.टेक.ला चिकटली. सांगली-मिरज रस्त्यावरच्या कृष्णातीर वैद्यकीय तंत्रज्ञान संस्थेत डॉ. सुहास बेडकिहाळ होते, आणि त्यांना पोटात रस होता. सगळं जग मेंदू आणि हृदयाच्या मागे लागलेलं असताना हा माणूस जठराबद्दल इतक्या मायेने बोलायचा की ऐकणाऱ्याला हसू यावं.

"जठराला स्वतःची लय असते," ते पहिल्याच तासाला म्हणाले होते. "रिकामं असो वा भरलेलं, मिनिटाला साधारण तीन लाटा. विजेच्या, अगदी मंद. छातीवर जसे हृदयाचे ठोके टिपतो तशा या पोटावर पट्टी चिकटवून टिपता येतात. मळमळायला लागलं की ही लय विस्कटते. व्हेगस नावाची लांबलचक नस ती खबर मेंदूत पोहोचवते. तिथे इन्सुला नावाचा एक कोपरा आहे. खबर तिथे पोहोचली की तुम्ही 'शी' म्हणता."

त्या नसेची एक बारीक फांदी कानाच्या आतल्या खळग्यात येते, कातडीच्या अगदी जवळ. तिथे सुईच्या टोकाएवढे हलके विजेचे ठोके दिले, तर नसेची आणि नसेमार्फत जठराची समजूत घालता येते. एवढ्याच गोष्टीवर श्रेयसीने दोन वर्षं काढली. शेवटी जे हाती आलं ते दिसायला अगदी किरकोळ होतं: पोटावर बोटभर रुंदीची पट्टी आणि कानात तांदळाच्या दाण्यापेक्षा थोडी मोठी क्लिप. लय बिघडू लागली की पट्टीला आधी कळायचं, आणि माणसाला कळण्याआधीच क्लिप ती सावरायची. यंत्राचं नाव तिनेच ठेवलं, 'निवांत'.

केमोच्या वॉर्डात चाचण्या झाल्या. पहिल्या आठवड्यात एका बाईंनी वाटीभर पोहे संपवले आणि वर आणखी मागितले. श्रेयसी जिन्यात जाऊन रडली. बारावीतला राग त्या दिवशी निवला.

त्याच वॉर्डात आणखी एक गोष्ट घडली. शेजारच्या खाटेवरचा रुग्ण भडभडून ओकत असताना निवांत लावलेले एक आजोबा मांडीवर ताट घेऊन शांतपणे आमटी-भात कालवत होते. त्यांनी ओकणाऱ्याकडे पाहिलं, घास घेतला, पुन्हा पाहिलं. श्रेयसीला ते विचित्र वाटलं. बेडकिहाळ सरांना नाही. त्यांनी आजोबांच्या जठराचा आलेख मागवला आणि बराच वेळ पाहत बसले.

"मळमळ आणि किळस," ते म्हणाले, "यांची तार एकच आहे. आपण मळमळ थांबवायला निघालो आणि किळस बंद करून बसलो. श्रेयसी, एम.टेक. कशाला संपवतेस? थेट पीएच.डी.ला नोंदणी करून टाकू. विषय समोर आहे."

घरी हे कळल्यावर अण्णा उठून फेऱ्या मारायला लागले. एसटीच्या वर्कशॉपमधून निवृत्त झालेला माणूस. पोरीच्या नावापुढं 'डॉक्टर' लागणार म्हणताना त्यांना बसवेना. आई लसूण सोलत होती. ती एवढंच म्हणाली, "किती शिकायचं याला काही माप असतं का गं?"

"नसतं," श्रेयसी म्हणाली.

"मग थांबायचं कसं कळतं?"

पुण्याच्या एका कंपनीतून नोकरीचं बोलावणं आलेलं होतं. एम.टेक. पुरं करून ती जाऊ शकत होती. पण आपलं यंत्र दुसऱ्या कुणाच्या हातात देऊन निघून जाणं तिच्या जिवावर आलं. तिने सरांना होकार कळवला.

पीएच.डी.चं काम नोंदणीआधीच सुरू झालं ते एमआयडीसीच्या टोकाला, दवाखान्यांच्या कचऱ्याच्या कारखान्यात. अख्ख्या जिल्ह्यातल्या इस्पितळांचा घाण माल तिथे यायचा आणि जळायचा. नियमाप्रमाणे पिशव्या आधीच वेगळ्या केलेल्या असायला हव्यात. प्रत्यक्षात सगळं एकात एक यायचं, आणि फिरत्या पट्ट्याभोवती उभ्या राहून बायका ते निवडायच्या. पू लागलेलं बँडेज, रक्ताने चिकटलेले हातमोजे, बाळंतपणाचा कचरा, कुणाचं तरी काढून टाकलेलं काहीतरी, जे पिशवीतून घरंगळताना ओला आवाज करायचं. वासाला थर होते. वर फिनेलचा, त्याखाली जळक्या केसांचा, आणि सगळ्यांत खाली एक गोडसर, जड वास, जो टाळूला चिकटून बसायचा.

श्रेयसी पत्र्याच्या दारापर्यंतच पोहोचली आणि भिंतीला धरून ओकली.

"पहिल्या दिवशी समदीच ओकत्यात," मागून एक बाई म्हणाली. हातमोजा काढून तिने कमरेच्या पिशवीतून अर्धं लिंबू काढलं. "हुंगा ह्ये. मी आठ दिस ओकत हुते. पोरीला वाटलं, म्हातारपणी आईला दिवस गेले."

ही छाया लोंढे. पन्नाशीची, ठेंगणी, गालांवर देवीसारखे व्रण. कसल्या तरी जुन्या तापाचे. नवरा नव्हता. मुलगी स्वप्नाली एका मेडिकल दुकानात कामाला होती. छायाताई बोलायला लागली की पट्ट्यावरच्या बाकीच्या बायकाही हसायच्या, आणि त्या जागेत कुणी हसू शकतं याचंच श्रेयसीला नवल वाटलं.

कारखान्याच्या मालकाची अडचण साधी होती: बाया टिकत नव्हत्या. नवीन बाई यायची, चार-आठ दिवसांत वासाने आणि दृश्याने आजारी पडून पळायची. सरांनी त्याला निवांत देऊ केलं. मालकाने संशोधनाचा सगळा भार उचलला.

श्रेयसीला सुरुवातीला यात काही वावगं दिसलं नाही. दिसावं असं काही नव्हतंही. निवांत लावल्यावर बायका जेवायला लागल्या. घरी गेल्यावरही नाकातून तो वास जात नसे, म्हणून कित्येक जणी डबा परत न्यायच्या. आता डबे रिकामे होऊ लागले. छायाताईने तर तिच्या डोक्यावरून हात फिरवून बोटं मोडली. "इतक्या वर्सांत पोटाला इसावा मिळाला बघ, पोरी," ती म्हणाली. त्या दिवसापासून ती 'मॅडम' म्हणायची बंद झाली.

एका गोष्टीवरून मात्र सरांशी वाद झाला. श्रेयसीचं म्हणणं होतं की मधुमेह असलेल्या बायकांना चाचणीत घेऊ नये. त्यांच्या नसा आधीच मंदावलेल्या असतात. सर म्हणाले, "म्हणजे निम्म्या बायका वगळायच्या? त्यांच्याच जठराची माहिती सगळ्यांत मोलाची आहे." छायाताईला साखर होती. श्रेयसीने दोन दिवस कुरकुर केली आणि मग सोडून दिलं.

पुढे रोज कारखान्यात जायचं म्हटल्यावर तिने स्वतःही निवांत लावलं. प्रयोगशाळेत सगळेच लावत होते. पहिल्या दिवशी ती पत्र्याच्या दारातून आत गेली आणि थबकली. वास होता. सगळे थर होते. पण ते आता नुसते वास होते, जसे रंग असतात. हा हिरवा, हा तांबडा, हा जळक्या केसांचा. तिने एक फुटकी पिशवी वाकून पाहिली, आत काय आहे ते ओळखलं, नोंद केली आणि पुढे गेली. संध्याकाळी घरी जाताना तिच्या लक्षात आलं की आपण क्लिप काढायला विसरलो. मग ती रोजच विसरू लागली.

एकदा सकाळी आईने तिच्या हातातून पेला ओढून घेतला.

"अगं, दूध नासलंय! गाठी दिसत नाहीत? वास येत नाही का तुला?"

"येतो की."

"मग?"

"मग काय?" श्रेयसीने विचारलं. तिला खरंच कळलं नव्हतं.

आईने पेला मोरीत ओतला. पेल्याच्या बुडाशी पिवळट चोथा चिकटला होता. आई त्याकडे पाहत राहिली आणि मग मुलीच्या ओठांकडे, तिथेही तेच लागलं होतं. "पूस ते," ती म्हणाली. तिच्या आवाजात असं काही होतं की एरवी श्रेयसीला लागलं असतं. तिने ओठ पुसले आणि कामाला निघाली.

त्याच महिन्यात तीन बायकांनी चाचणी अर्धवट सोडली. एकीने विटलेली भाजी दोन दिवस खाल्ली आणि जुलाबाने इस्पितळात गेली. दुसरीला वापरलेली सुई टोचली. तिने ना हात धुतला ना कुणाला सांगितलं, कारण त्यात सांगण्यासारखं काही आहे असं तिला वाटलंच नाही. तिसरीने कचरा निवडलेल्या, न धुतलेल्या हातांनी तान्ह्या नातवाला भरवलं होतं. नातवाचं काय झालं हे विचारायला कुणी गेलं नाही.

सरांनी शोधनिबंधाचा मसुदा श्रेयसीसमोर ठेवला. "या तिघींपुढे 'स्वेच्छेने बाहेर पडल्या' असं टाक. ते खोटं नाहीये. पडल्याच आहेत."

श्रेयसीला आठवतं की त्या क्षणी पोटात काहीतरी वर यायला लागलं होतं. अगदी पुसट, कढत्या दुधाला साय धरावी तसं. मग कानात क्लिप हलकेच टिकटिकली आणि ते खाली बसलं. तिने ते शब्द टाइप केले. वाक्यरचना थोडी नीटसही केली. सही केली, आणि मग ते दोघं चहा प्यायला गेले.

छायाताईची मुलगी स्वप्नाली एका दुपारी संस्थेत आली. रखवालदाराने अडवलं तरी ती आत शिरली. दुकानाचा निळा कोट अंगात तसाच होता.

"श्रेयसी मॅडम तुम्हीच? आईच्या पायाचा वास गल्लीत येतोय. घरमालक भांडून गेला. आणि ती म्हणतेय, काही नाही, लागलंय जरा. मला पाय बघू देत नाही. तुम्ही सांगितलं तर ऐकेल. चला तुम्ही."

दोघींनी मिळून छायाताईला रिक्षात घातलं. ती हसतच होती. "ह्या पोरीला उगं घाई. काम बुडालं माझं," ती म्हणत होती. रिक्षावाल्याने दोनदा मागे वळून पाहिलं आणि मग रुमाल नाकाला बांधला.

इस्पितळात तरुण सर्जनने पायाला गुंडाळलेलं फडकं सोडवलं. ते सुटेना, कातडीला चिकटलं होतं. ओलं करून सोडवल्यावर त्याच्याबरोबर कातडीही आली. टाच काळी पडली होती. कडेने मांस करड्या रंगाचं, भिजलेल्या पावासारखं, आणि त्या फटीत पांढरं काहीतरी वळवळत होतं. कचऱ्यातली काच केव्हातरी पायात गेली होती. साखरेमुळे दुखलं नव्हतं. आणि जखम नासायला लागल्यावर माणूस ज्या शिसारीने धावत डॉक्टरकडे जातो, ती शिसारी तिच्या कानातली क्लिप दिवसरात्र पुसत राहिली होती. ती रोज फडकं बदलायची, अळ्या दिसल्या की झटकायची आणि कामाला जायची.

स्वप्नाली वॉश-बेसिनकडे धावली. तिच्या ओकण्याचा आवाज खोलीत येत होता. श्रेयसी मात्र खाटेवर ओणवून पाहत होती. काळ्याच्या कडेला जांभळा, त्याच्या कडेला हिरवट. इतके रंग. ते मोबाइलमध्ये टिपून ठेवावेत, असं तिच्या मनात आलं आणि तिने टिपलेही.

"गुडघ्याखाली काढावा लागेल," सर्जन म्हणाला. "आजच."

"ठीक आहे," श्रेयसी म्हणाली.

स्वप्नाली ओल्या तोंडाने दारात उभी होती. "ठीक आहे?" ती म्हणाली. "तुम्हाला काहीच वाटत नाही?"

श्रेयसीने उत्तर शोधलं. तिच्या आत काही नव्हतं. एक स्वच्छ, झाडलेली खोली होती फक्त. आणि ती खोली इतकी झाडलेली का, हे कळायला तिला तो प्रश्न दुसऱ्याच्या तोंडून ऐकावा लागला. ती बाहेर गेली, स्वच्छतागृहाचं दार लावलं, कानातली क्लिप काढली आणि पोटावरची पट्टी ओढून फाडली. थोडं कातडंही सोलवटलं.

लगेच काही झालं नाही. जठराला स्वतःची लय परत सापडायला वेळ लागतो. हे तिनेच प्रबंधाच्या मसुद्यात लिहिलं होतं. ती फरशीवर बसून राहिली. मग आधी वास आला. स्वतःच्या बोटांचा. रिक्षात तिने छायाताईचा पाय मांडीवर घेतला होता आणि तेव्हापासून हात धुतले नव्हते. त्यानंतर बाकीचं आलं, एकामागून एक, रांग लावून: त्या टाचेतली वळवळ, नासक्या दुधाच्या गाठी जिभेवर, कारखान्यातला गोडसर वास, सुई टोचलेला हात, तान्ह्याच्या तोंडात जाणारी बोटं. आणि शेवटी 'स्वेच्छेने बाहेर पडल्या'. ते शब्द तिला दिसले नाहीत, ते तिच्या घशाशी आले. आपण ते नीटस केले होते. आपण त्यावर चहा प्यायलो होतो. ती ओकत राहिली. पोटात काही उरलं नाही तरी पोट पिळवटत राहिलं, जणू आत साचलेलं अजून पुरतं निघालं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी ती सरांच्या खोलीत गेली तेव्हा सर संत्रं सोलत होते. तिने मोबाइलमधला फोटो समोर धरला. सरांनी पाहिला. संत्र्याची फोड तोंडात टाकली.

"वाईट झालं," ते म्हणाले. "बाई स्वतःची काळजी घेत नव्हती का?"

"सर, तुमची क्लिप काढा."

त्यांनी आश्चर्याने पाहिलं, मग हसले. कानात बोट घालून दाखवलं. केसांच्या झुपक्याआड ती होती. "पहिल्या नमुन्यापासून आहे ही. ॲसिडिटी होती मला. गेली. त्याबरोबर आणखी बऱ्याच गोष्टी गेल्या. परीक्षकांशी भांडण झालं, मंत्र्यांच्या पाया पडावं लागलं, की पूर्वी रात्र-रात्र झोप लागायची नाही. आता सगळं सोपं झालंय. तुला का नकोय हे?"

"दोन तास काढून ठेवा. मग हा फोटो परत बघा. एवढंच मागते."

मग खरोखरच त्यांनी क्लिप काढून टेबलावर ठेवली आणि म्हणाले, "बस." ती बसली. त्यांनी संगणकावर काही काम केलं, दोन फोन घेतले. तासाभराने त्यांच्या कपाळावर घाम आला. त्यांनी संत्र्याची सालं कचऱ्यात टाकली, मग कचऱ्याचा डबाच खोलीबाहेर नेऊन ठेवला. ते परत आले ते भिंतीच्या आधाराने. श्रेयसीने मोबाइल पुढे केला. त्यांनी एकदाच पाहिलं. त्यांचा चेहरा असा काही आवळला की ती क्षणभर घाबरली. साठीचा माणूस लहान पोरासारखा रडायला लागेल असं तिला वाटलं. "मधुमेहाचं तू म्हणाली होतीस," ते कुजबुजले. "तू म्हणाली होतीस ना?"

"हो, सर."

त्यांनी क्लिप उचलली. श्रेयसी "नको" म्हणेपर्यंत ती कानात गेली होती. हळूहळू त्यांच्या चेहऱ्याच्या घड्या सुटल्या, श्वास संथ झाला, खांदे सैल झाले. त्यांनी रुमालाने डोळे पुसले आणि रुमालाकडे जरा नवलाने पाहिलं.

"तर," ते म्हणाले, "नोंदणीचं काय करायचं ठरवलंस?"

तिने नोंदणी केली नाही. उलट शोधनिबंधावरची सही मागे घेतली आणि संस्थेच्या नीतिसमितीपुढे तक्रार मांडली. समितीच्या बैठकीत पडद्यावर छायाताईचा पाय दाखवला गेला तेव्हा टेबलावर बिस्किटं आणि चहा होता. सदस्यांनी पाहिलं. "दुर्दैवी," एक जण म्हणाला आणि बिस्किट चहात बुडवलं. श्रेयसीने तेव्हा पहिल्यांदा त्यांच्या कानांकडे पाहिलं. सरांनी निवांत उदार हाताने वाटलं होतं. कुणाला प्रवासात त्रास व्हायचा, कुणाला जेवणानंतर जळजळ. चौघांच्या कानात तो दाणा होता. चौघंही सभ्य, नीट ऐकून घेणारे, मुद्देसूद बोलणारे. तिला त्यांच्या सभ्यपणाची शिसारी आली. भिजलेलं बिस्किट मोडून कपात पडलं आणि त्या गृहस्थाने ते चमच्याने काढून खाल्लं, पडद्यावरून नजर न हटवता.

पाचव्या सदस्य म्हणजे उमाबाई केळुसकर, एका शाळेच्या निवृत्त मुख्याध्यापिका. समितीत बाहेरचं कुणीतरी असावं लागतं म्हणून त्यांना घेतलं होतं, आणि आतापर्यंत त्यांनी तोंड उघडलं नव्हतं. त्या एकदम उठल्या, पदर तोंडाला लावला आणि खुर्चीला धरून म्हणाल्या, "बंद करा ते चित्र. आणि तुमचं हे सगळंच बंद करा. माणसं आहात का कोण आहात?" त्या खोलीतच ओकल्या. शिपायाने पुसायला फडकं आणलं. कुणीही खुर्ची मागे सरकवली नाही.

त्या एका सदस्येने विरोध नोंदवून वरपर्यंत पाठपुरावा केला, म्हणून कारखान्यातली चाचणी थांबली. यंत्र थांबलं नाही. वर्षभरात निवांत दुकानात आलं. कत्तलखान्यांनी घेतलं, मोबाइलवरचे घाणेरडे व्हिडिओ दिवसभर पाहून गाळणाऱ्या कचेऱ्यांनी घेतलं; पुढे तुरुंगांनी, वसुलीवाल्यांनी, आणि मग ज्यांना नुसतंच सुखाने जेवायचं होतं त्यांनी. जाहिरातीत एक हसरं कुटुंब टीव्हीवर दंगल पाहत पुरणपोळी खात होतं.

श्रेयसीने एम.टेक.चा प्रबंध केमोच्या रुग्णांपुरता लिहून पुरा केला. त्या तिघी बायकांचं आणि छायाताईचं प्रकरण शेवटी सविस्तर जोडलं. परीक्षक नाराज झाले, पण पदवी मिळाली. अण्णा आठवडाभर बोलले नाहीत. मग एका सकाळी म्हणाले, "मगदूम नुसतंही चांगलं दिसतंय म्हणा." ती सरकारी इस्पितळात यंत्रं दुरुस्त करायला लागली, डायलिसिसची, सलाइनच्या पंपांची. कॅन्सरच्या वॉर्डात निवांत वापरलं जायचं ते तीच बसवायची, आणि केमोचा दिवस संपला की स्वतः जाऊन प्रत्येकाच्या कानातून काढायची. लोक कुरकुरायचे. ती काढायचीच.

रविवारी ती छायाताईकडे जायची. सुरुवातीला स्वप्नाली दारातूनच परत पाठवायची. नंतर एकदा तिला दुकानात जायचं होतं आणि पट्टी बदलायला कुणी नव्हतं.

कापलेल्या पायाचं टोक अजून भरलं नव्हतं. पट्टीखालून पिवळसर पाणी यायचं. छायाताई आता हसत नव्हती. तिने तोंड भिंतीकडे केलं होतं.

"ते यंत्र परत दे की मला," ती म्हणाली. "कामाला जायला न्हवं. हितंच बसून लावते. माझीच मला किळस येतीया. भाकरी जाईना."

"नाही देणार."

"का?"

"पाणी हिरवं झालं तर तुम्हाला कळायला हवं. लगेच."

श्रेयसीने पट्टी उलगडली. वास वर आला. ती थांबली, दाराकडे तोंड करून एक श्वास घेतला आणि परत वाकली.

"ओकारी येतीया न्हवं तुला?" छायाताई म्हणाली.

"येतेय."

"मग जा. ऱ्हाऊ दे. पोरगी आल्यावर करंल."

"येऊ दे. चिमटा द्या तो."

छायाताईने चिमटा दिला. कापसाचा बोळा पिवळा होऊन बाजूच्या वाटीत पडत होता.

"मोठी पदवी घेणार हुतीस म्हणं," छायाताईने विचारलं. "डाक्टर का काय लागतं नावाला. सोडलीस?"

"सोडली."

"माझ्यापायी?"

श्रेयसीने मान वर केली. छायाताई आपल्या अर्ध्या पायाकडेच पाहत होती आणि तिच्या तोंडाचा एक कोपरा, नको नको म्हणत असताना, हलत होता. श्रेयसीला हसू येणार की रडू की ओकारी, हे तिचं तिला कळेना. बहुधा तिन्ही एकदमच येणार होतं.

"हो," ती म्हणाली, आणि नवी पट्टी बांधायला लागली. "पाय जरा वर धरा."